मुलीसाठी चौकशी

“मुलासाठी की मुलीसाठी?” टेबलापलीकडच्या पोरीनं मान वर न करता विचारलं आणि मी “मुलीसाठी” म्हणून मोकळी झाले. मला मुलगी नाही. मुलगा नाही, नवरा नाही, मांजरसुद्धा नाही. चव्वेचाळीस वर्षांची बाई पोटाशी पर्स धरून हिशेबनिसाच्या कोर्सची चौकशी करायला येते, म्हणजे ती कुणासाठी तरी आली असणार, स्वतःसाठी कशाला येईल, असं त्या पोरीला वाटलं तर तिची काय चूक? “माझ्यासाठी” हा शब्द जिभेवर होता. चार अक्षरं. ती मी पाण्याशिवाय गोळी गिळावी तशी गिळली. “वय?” “सतरा.” “गणित कसंय?” “बरंय,” मी म्हणाले, आणि मग कुणी विचारलेलं नसताना, “जरा हट्टी आहे.” पोरगी पहिल्यांदा वर बघून हसली. “सगळ्याच असतात हो, मॅडम.” मग तिनं कार्डावर लिहायला नाव विचारलं आणि मी दिलं. ते कुठून आलं मला माहीत नाही, पण एका दमात आलं, सतरा वर्षं हाका मारून झिजलेलं असावं तसं. ते इथं सांगणार नाही. एवढं तरी माझं राहू दे.

हे सगळं एका कागदामुळं. मी काम करते ती धुलाईची कंपनी आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं आमच्याकडं मळकं येतं आणि घड्या होऊन जातं. सतराव्या वर्षी मी तिथं लागले ते मळक्यात. मळकं म्हणजे मागची शेड, जिथं गाठोडी सोडतात. डाग बघून ढीग करायचे, दहा-दहाच्या गाठी मारायच्या, मोजून ओरडून सांगायचं. चादरीतून काय निघत नाही? चष्मे, कवळ्या, सुया, एकदा लग्नाची अंगठी, एकदा एका लहान बाळाचा एकच मोजा, जो मी कुणाला न सांगता दोन दिवस खिशात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी टाकून दिला. पाच वर्षं तो वास अंगाला होता. मग हिशेब लिहिणारा माणूस एक दिवस न सांगता काम सोडून गेला, आणि थोरले मालक शेडमध्ये येऊन म्हणाले, “ए, तुझा तोंडी हिशेब पक्का असतो म्हणे. बस तिथं दोन दिवस, माणूस मिळेपर्यंत.” ते दोन दिवस बावीस वर्षं चालले. माणूस काही मिळाला नाही. मी मिळालेली होते, पण ते त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

आता थोरल्यांनी कंपनी विकली. नवे साहेब आले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बूट असे की पाय जमिनीला लागतात की नाही शंका यावी. त्यांनी कागद दिला. हिशेब विभागातल्या माणसाकडं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हवं. नसेल तर महिनाअखेरीपर्यंत मान्यताप्राप्त ठिकाणी प्रवेश घेतल्याची पावती हवी. तीही नसेल तर ‘पर्यायी विभागात सामावून घेण्यात येईल’. “ताई, पर्सनली घेऊ नका,” साहेब म्हणाले. “सगळ्यांना सारखाच नियम.” सगळ्यांना म्हणजे कुणाला? हिशेब विभागात खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर मी बसते. पर्यायी विभाग म्हणजे मळकं. दुपारी इस्त्रीवाली, जी माझ्याच वर्षी लागली आणि अजून इस्त्रीवरच आहे, माझ्या काचेवर टिचकी मारून म्हणाली, “काय हिशेबबाई, परत येताय म्हणे आमच्यात? या की. तुमच्या पिशवीचा हुक अजून रिकामा ठेवलाय.” ती थट्टा करत होती. तिच्या डोळ्यांत थट्टेपेक्षा जास्त काही होतं, आणि ते दुष्टपणाचं नव्हतं, याचंच जास्त वाईट वाटलं. बावीस वर्षांत मी तिच्याशेजारी बसून एकदाही डबा खाल्ला नव्हता.

तर पहिली शाळा ती. काचेची. भिंतभर हसरी तोंडं, प्रत्येक तोंडाखाली टक्के. मला आत एका टायवाल्याकडं पाठवलं. त्यानं कॉफी दिली आणि भविष्यकाळात बोलायला सुरुवात केली. तुमची मुलगी हे करेल, तुमची मुलगी ते होईल. मी ऐकत होते आणि कुठल्यातरी क्षणी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत ती बसलेली मला जाणवली, पाय हलवत, कंटाळलेली. मुलांना घेऊन आलेल्या बायकांना असं जाणवतच असेल, बाजूला एक ऊब, एक चुळबुळ. मी विचारलं, “शिकवतं कोण?” टायवाला म्हणाला, “सगळं रेकॉर्डेड आहे, मॅडम. ती केव्हाही बघू शकते.” “आणि काही अडलं तर?” “चॅटवर विचारायचं.” “आणि तेरीज जुळली नाही तर? जमेच्या बाजूची बेरीज एक, नावेच्या बाजूची दुसरी, मग फरक शोधायचा कसा ते कोण शिकवणार?” त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं बैलगाडीच्या वंगणाविषयी विचारल्यावर कुणी पाहील. “मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये फरक येतच नाही.” फरक येत नाही! चादरी दोनशे जातात आणि एकशे ब्याण्णव परत येतात, आठ कुणाच्या तरी घरी खिडकीला लागलेल्या असतात, आणि याच्या यंत्रात फरक येत नाही. “आई, चल ना,” खुर्चीतली म्हणाली, “हा थापा मारतोय.” मी उठले. टायवाल्यानं दारापर्यंत येऊन सांगितलं की जागा चारच उरल्यात. महिनाअखेरीची पावती मात्र त्याच्याकडं दहा मिनिटांत मिळाली असती, मान्यतेच्या शिक्क्यासकट, हेही मी विचारून घेतलं होतं. खोटं कशाला बोलू.

त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर चालायला लागली. कुणी म्हणेल, ती म्हणजे तूच, सतरा वर्षांची, शाळा सुटलेली. असला शहाणपणा मला शिकवू नये. ती माझ्यासारखी अजिबात नव्हती. उद्धट होती, लोकांच्या तोंडावर हसायची, चपला फेकून द्यायची. मी सतरा वर्षांची असताना तोंडातून शब्द काढत नव्हते. वडील म्हणाले होते, “दोघांची फी नाही झेपायची, तू समजूतदार आहेस.” समजूतदार हा शब्द या भाषेतून हद्दपार केला पाहिजे. जगातल्या अर्ध्या बायकांचे गळे या शब्दानं दाबलेत. मी मान हलवली आणि धाकटा भाऊ कॉलेजात गेला. तो वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं. मी त्याला फोन केला तेव्हा मागं टीव्ही चालू होता. “कोर्स? कुणासाठी?” यानंही तेच विचारलं! माझ्या सख्ख्या भावानं! “कुणासाठी नाही, नुसती चौकशी,” मी म्हणाले. “ताई, आता कशाला डोक्याला ताप करून घेतेस? चार-दोन वर्षांत सोडच ते काम. आमची ही म्हणते इकडं ये राहायला, छोटीला आत्या हवीच असते शाळेतून आणायला.” म्हणजे आणखी एक पर्यायी विभाग. “बघू,” मी म्हणाले. फोन ठेवल्यावर माझी पोर म्हणाली, “मामा ना, गोड बोलून कामाला लावतो.” मी मोठ्यानं हसले. माझ्या खोलीत हसण्याचा आवाज किती मोठा होतो ते मला माहीतच नव्हतं. भिंतींना सवय नाही.

दुसरी शाळा सरकारी. तिथं मी जेवणाच्या सुट्टीत गेले, वीस मिनिटं चालत, डबा न खाता. खिडकी, खिडकीत कारकून, कारकुनापुढं पाटी: चौकशी येथे करू नये. मग कुठं करावी? “कुणासाठी?” “मुलीसाठी.” आता हे इतकं सहज यायला लागलं होतं की मी घाबरायला हवं होतं. “मुलीला पाठवा की मग. आईबाप येतात आणि पोरं घरी लोळतात,” कारकून म्हणाला. “ती कामावर जाते,” मी म्हणाले, आणि तिचा मला अभिमान वाटला. “सतराव्या वर्षी कामावर?” त्यानं पहिल्यांदा मला नीट पाहिलं. “का हो बाई, शिकवायचं सोडून कामाला जुंपलीत पोरीला?” हे वाक्य कुणीतरी सत्तावीस वर्षांपूर्वी एका माणसाला ऐकवायला हवं होतं. कुणी ऐकवलं नाही. आणि आता त्याचं उत्तर द्यायला मी उभी होते, खिडकीबाहेर, मागं रांग. “परिस्थिती,” मी म्हणाले. वडील हेच म्हणायचे. वर्ग सकाळी अकरा ते चार, एवढं कळलं. अकरा ते चार मी काचेमागं असते. परत येताना ती एक शब्द बोलली नाही. मीच म्हणाले, “रागावलीस?” समोरून येणारा माणूस बाजूला झाला.

तिसऱ्या जागेचा पत्ता मला इस्त्रीवालीनं दिला. तिच्या पुतण्यानं तिथं शिकून नोकरी मिळवली होती. “खडूस म्हातारा आहे,” ती म्हणाली, “पण परीक्षेचा बोर्ड त्याला मान्यता देतो, अजून काढून घेतली नाही. तुमचं दोघांचं जमेल.” शिंप्याच्या दुकानावर माडी. अरुंद जिना, वर एकच लांब टेबल, दोन बाजूंना बाकं, भिंतीवर पिवळा पडलेला मान्यतेचा कागद, आणि खालच्या मशिनी चालल्या की टेबलावरच्या पेन्सिली हळूहळू कडेला सरकायच्या. मास्तर ऑडिटच्या कामातून निवृत्त झालेला. त्यानं कॉफी दिली नाही. “मुलगी कुठंय?” “कामावर.” “पोराला बघितल्याशिवाय मी घेत नाही. फॉर्म भरून ठेवा, आणि हा कागद तिला द्या. रविवारी दुपारी तो सोडवून आणा, आणि तिलाही आणा.” मी फॉर्म भरला. नाव, वय सतरा, शिक्षण, आणि पालकाच्या जागी माझी सही. बावीस वर्षांत मी एक आकडा खोटा लिहिला नव्हता, आणि इथं शाईनं एक अख्खी मुलगी लिहिली.

तो कागद म्हणजे एका व्यापाऱ्याची तेरीज होती. जमा आणि नावे समोरासमोर, खाली दोन बेरजा, मध्ये पाचशे चाळीसचा फरक. मागच्या बाजूला मूळ पावत्यांची यादी. शनिवारी दुपारी मी खिडकीशी बसले. आधी म्हणाले, तिच्यासारखं सोडवू, थोडं चुकू, सतरा वर्षांची आहे ती. पण पाचशे चाळीस दिसल्यावर माझं डोकं माझ्या हातात राहिलं नाही. पाचशे चाळीसला नवानं भाग जातो. फरकाला नवानं भाग गेला की कुठंतरी शेजारचे दोन आकडे उलटे पडलेले असण्याचा दाट संशय घ्यायचा. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी माझ्या खुर्चीत बसून, ढोरासारखं पुन्हापुन्हा चुकून, शोधून काढलंय, आणि जगाला ते आधीपासून माहीत होतं हे मला पुढं दहा वर्षांनी कळलं. मी पावत्यांवर एकेक टिक करत गेले. ऊन खिडकीतून सरकत पलंगावर गेलं. ती मागं येरझाऱ्या घालत होती. “आई, सोड ना, फरक आहे तर आहे.” “गप बस,” मी म्हणाले. शेवटी सापडलं. दोन हजार नऊशे तीसच्या जागी दोन हजार तीनशे नव्वद. मी तो आकडा दुरुस्त केला, बेरजा जुळवल्या, खाली दोन रेघा मारल्या. छातीत इतकं मोकळं वाटलं की कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. मागं वळले. अर्थात खोली रिकामी होती.

रविवारी दुपारी माडीवर मास्तर एकटाच होता. “मुलगी?” “येतेय,” मी म्हणाले, “कागद दिलाय तिनं.” त्यानं चष्मा कपाळावर घेतला, कागद नाकाशी नेला. खाली शिंपी शेवटचं काम उरकत होता, मशिन थांबत होतं, चालत होतं. “शून्य,” मास्तर म्हणाला. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “शून्य कसं? जुळलीय की.” “प्रश्न वाचा. मोठ्यानं.” मी वाचला. फरक उचंत खात्यात टाका आणि ताळेबंद तयार करा. न सापडलेला फरक तात्पुरता ठेवायचं खातं म्हणजे उचंत. मी प्रश्न वाचलाच नव्हता! फरक दिसल्यावर पुढचं मला दिसलंच नव्हतं. “वीस मिनिटांचं काम,” मास्तर म्हणाला. “सगळी पोरं उचंतात टाकतात आणि पुढं जातात. अकरा वर्षं मी हाच कागद देतोय. आणि खरं सांगू? नक्कल करताना ही चूक माझ्याच हातून झाली असणार. जुळेना, सापडेना, म्हणून मी प्रश्नच बदलला आणि लिहिलं, फरक उचंतात टाका.” तो हसला, आणि हसताना एकदम म्हातारा दिसला. मग हसू पुसून म्हणाला, “बाई, सतरा वर्षांची पोर फरक शोधत नाही. सांगितलं तरी शोधत नाही. कोण शोधतं माहितेय? ज्याच्या पगारातून तो कापलेला असतो तो.”

तेव्हा हिशेबाच्या खुर्चीत बसून मला तीनच महिने झाले होते. महिनाअखेर जुळेना. थोरल्या मालकांनी वही बघितली, बंद केली आणि म्हणाले, “फरक तुझा.” एवढंच. मी घरी पगाराचं कापलेलं पाकीट दिलं तेव्हा वडिलांनी दोनदा मोजलं आणि म्हणाले, “कुठं खर्च केलेस?” मी सांगितलं नाही, कारण वहीत चुकले असं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग परत मळक्यात जा, झेपत नाही तर. त्या दिवसापासून मी उचंत हा शब्द वहीत कधी येऊ दिला नाही. ज्याला फरक दुसऱ्या दिवसावर ढकलता येतो, त्याला मागं कुणीतरी असतं. मला नव्हतं. हे मी मास्तरला सांगितलं नाही. तो विचारतही नव्हता. त्यानं फक्त विचारलं, “किती वर्षं?”

“बावीस.”

“कुठं?”

“धुलाईच्या कंपनीत.”

“मग ही सतरा वर्षांची कोण?”

बाकावर माझ्या डाव्या हाताला जागा होती. मी तिकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उठून गेले असते, सरळ त्या टायवाल्याकडं, दहा मिनिटांत पावती घेऊन. तो एक शब्द न विचारता मला प्रवेश देईल, दोन वर्षं रेकॉर्डेड बाई बोलत राहील, मी जेवताना ऐकेन, शेवटी शिक्का मिळेल. इथं शून्य मिळालं होतं. पण सतराव्या वर्षानंतर माझ्या कामाला कुणी मार्क दिले ते हे पहिलेच. बाकीच्यांनी नुसता पगार दिला होता.

“मलाच यायचंय,” मी म्हणाले. “चालेल?”

“संध्याकाळी साडेसहाला वर्ग. उशीर चालत नाही. आणि शून्य ते शून्यच राहील, वय बघून मी वाढवत नाही.” त्यानं खणातून माझा फॉर्म काढला, पाहिला, आणि फाडायला दोन्ही हातांत धरला. “नवा देतो.”

“फाडू नका!” मी इतक्या जोरात म्हणाले की तो दचकला. “हिशेबात पान फाडत नाहीत.”

मास्तरनं माझ्याकडं बघितलं, आणि फॉर्म माझ्यापुढं सरकवला. “मग दुरुस्त करा. कसं करतात ते माहितेय ना?”

माहीत होतं. रबर नाही, गिरगोटा नाही. चुकीच्या नोंदीवरून एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. वर बरोबर नोंद. बाजूला सही, म्हणजे कुणी दुरुस्त केलं ते कळावं. मी तिच्या नावावरून रेघ ओढली. मशिन चालू झालं, टेबल थरथरलं, रेघ थोडी वाकली. वर माझं नाव लिहिलं. सतरावरून रेघ, वर चव्वेचाळीस. पालकाच्या जागेवरून रेघ, आणि तिथं वर लिहायला काही नव्हतं. “रिकामी ठेवा,” मास्तर म्हणाला, “ती नोंद लागत नाही तुम्हाला.” प्रत्येक रेघेशेजारी मी सही केली, तीन सह्या. त्यानं पावती लिहून दिली, अक्षर खराब, शिक्का पुसट, पण साहेबांना चालेल, चालवून घ्यावंच लागेल त्यांना.

जिन्यात मी मध्येच थांबले. इथं ती बोलेल असं मला वाटलं. शून्यावरून चिडवेल, मास्तरच्या चष्म्याची नक्कल करेल. खालच्या दारातून ऊन येत होतं आणि पायऱ्यांवर कापडाची बारीक धूळ तरंगत होती. मी पर्स उघडून पावती पाहिली, बंद केली. आणखी एक पायरी उतरले. “काय गं?” मी म्हणाले. खालून शिंप्यानं मान आत घातली. त्याच्या हातात दुकानाची किल्ली होती.

“मास्तर मागच्या दारानं जातात,” तो म्हणाला, “हे दार ओढून घेतो आता. तुमच्या मागं कुणी यायचंय का अजून?”

मी वळून वर पाहिलं.

“नाही,” मी म्हणाले. “लावा.”